मार्चमध्ये ब्यास कुंड करावं का? बर्फाचा उतार ओळखण्याबद्दल सविस्तर

प्रश्न असा आहे: नाशिकच्या सहा जणांचा गट. साल्हेर, हरिहर, अलंग-मदन-कुलंग सगळं झालेलं, गेल्या डिसेंबरात एका कंपनीबरोबर केदारकांठाही झाला. आता मार्चच्या पहिल्या आठवड्यात मनालीला जायचं, ओळखीचा एक वाटाड्या घ्यायचा आणि सोलंग, धुंदी, बकरथाच हे टप्पे करत ब्यास कुंड, म्हणजे मनालीच्या वरचं डोंगरातलं तळं, गाठायचं. हिमस्खलनाचा धोका ओळखायचा कसा, त्यासाठी एखादं ॲप आहे का, आणि बीकन (बर्फात गाडलेल्याला शोधायला मदत करणारं रेडिओ यंत्र) भाड्याने घ्यावेत का?

आधी थेट उत्तर देतो, कारण बरेच जण एवढंच वाचून थांबतील. त्या तारखांना धुंदीच्या पुढे जाऊ नका. ब्यास कुंड मे-जूनमध्ये करा, तेव्हा तो साधा आणि सुंदर ट्रेक आहे. मार्चमध्ये ती दरी वेगळीच असते. दोन्ही अंगांना उंच, उघडे, झाडं नसलेले उतार आणि वाट नेमकी त्यांच्या पायथ्यातून. पश्चिमी झंझावात, म्हणजे बातम्यांतला वेस्टर्न डिस्टर्बन्स, डिसेंबर ते मार्च तिथे बर्फ ओततो आणि पीर पंजाल रांगेच्या या, मनालीकडच्या बाजूला तो भरपूर पडतो. डीआरडीओने बर्फ आणि हिमस्खलनाच्या अभ्यासाची संस्था मनालीत काढली आणि निरीक्षणासाठी धुंदी निवडलं, ते काही तिथल्या हवेसाठी नव्हे.

आता कारणं. तुमच्या गटाचा अनुभव कमी आहे असं मी म्हणत नाही. अडचण अशी की तो सह्याद्रीतला आहे, आणि सह्याद्रीने लावलेल्या काही सवयी बर्फात उलट्या पडतात.

पहिली सवय नाळेची. आपल्याकडे नाळ, म्हणजे कड्यातली अरुंद घळ, हीच वाट. कड्याला वाट सापडत नसेल तर नाळ शोधायची, तिच्यातून वर सरकायचं, हे आपल्या पायांना पाठ झालंय. बर्फात नाळ म्हणजे वरच्या सगळ्या उतारांचा माल खाली येण्याचा मार्ग. तिथे छोटंसं स्खलनही माणसाला खोल गाडतं, कारण बर्फाला पसरायला जागा नसते, तो साचत जातो. उघड्या मैदानावर गुडघाभर आला असता तोच बर्फ नाळेत डोक्यावर जातो. डोंगराची सोंड आणि धार मात्र सह्याद्रीत आणि बर्फात, दोन्हीकडे भल्याची. फक्त धारेच्या कडेला वाऱ्याने बाहेर काढलेली बर्फाची झालर असते, तिच्यावर पाऊल टाकायचं नाही.

दुसरी सवय पायाखाली बघायची. घसाऱ्यावर सरकतं ते आपल्या पायाखालचं, म्हणून नजर बुटाच्या टोकावर असते. बर्फाचा स्लॅब, म्हणजे कमकुवत थरावर बसलेला एकसंध थर, तुटतो तेव्हा भेग बहुतेक वेळा तुमच्या वर पडते, कधी वीस-तीस मीटर वर, आणि तुम्ही त्या सुटलेल्या तुकड्याच्या मधोमध उभे असता. त्याहून वाईट म्हणजे खालच्या सपाटीवर चालतानासुद्धा तुम्ही वरचा उतार सोडवू शकता. कमकुवत थर पायाखाली दबतो, ते दबणं थरातून पसरत जातं आणि वर, जिथे कोन पुरेसा आहे, तिथे स्लॅब सुटतो.

तिसरी सवय आकाशाची. पाऊस थांबला, ऊन पडलं, निघा. नवीन बर्फ पडून गेल्यानंतरचा पहिला निळाशार दिवस हा वर्षातला सगळ्यात फोटोजेनिक दिवस असतो आणि बहुतेक वेळा सगळ्यात धोक्याचाही. वादळात आणि त्यानंतरच्या २४ ते ४८ तासांत नैसर्गिक स्खलनं सर्वाधिक होतात. चोवीस तासांत ३० सेंटिमीटर किंवा जास्त नवा बर्फ पडला असेल तर मी उघड्या उताराच्या आसपासही जात नाही, मग आकाश कितीही स्वच्छ असो.

या सगळ्यात एकच गोष्ट तुम्ही नक्की मोजू शकता: कोन. बर्फाच्या पोटात काय आहे हे तज्ज्ञांनाही अंदाजानेच सांगावं लागतं. उताराचा कोन मात्र आज जेवढा आहे तेवढाच उद्या. म्हणून माझा निर्णय कायम आधी कोनावर होतो. बर्फाची निरीक्षणं मी फक्त ‘नको’ म्हणण्यासाठी वापरतो, ‘चला’ म्हणण्यासाठी कधीच नाही.

स्लॅब प्रकारची स्खलनं साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, त्यातही ३५ ते ४० च्या दरम्यान सगळ्यात जास्त. ३० च्या खाली क्वचित. ५५-६० च्या वर बर्फ टिकतच नाही, पडता पडता झडत राहतो. म्हणजे हरिहरच्या पायऱ्यांसारखी जी भिंत बघून पोटात गोळा येतो, ती या हिशेबात कमी धोक्याची. धोका आहे तो जरा दम लावला की चढून जाऊ असं वाटणाऱ्या उताराचा. दोन कड्यांच्या मधला गवताळ उतार असतो ना आपल्याकडे, नेमका तसा.

हा कोन डोळ्यांनी ओळखता येतो हा गैरसमज आहे. खालून बघताना आणि वरून बघताना एकच उतार वेगळा दिसतो. पण सराव इथेच, नाशिकमध्ये करता येतो, पैसे लागत नाहीत. रविवारी अंजनेरीला किंवा रामशेजला जा. गवताळ उतारावर ट्रेकिंगची काठी उताराच्या दिशेने, वरून खाली, जमिनीला टेकवून टाका, म्हणजे लहानसहान उंचवटे मोजमापात येत नाहीत. काठीवर मोबाइलची कड ठेवून कोनमापक ॲप उघडा. आकडा बघण्याआधी सहा जणांनी आपापला अंदाज मोठ्याने बोलायचा. पहिल्या दिवशी सहा उत्तरं येतील आणि त्यांत दहा-पंधरा अंशांचा फरक असेल. महिनाभर हे केलंत की २८ आणि ३४ मधला फरक पायांना कळायला लागतो. बर्फात सगळा खेळ त्याच सहा अंशांचा आहे.

घरी नकाशावरही हे करा. १:५०,००० चा नकाशा असेल आणि समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दर ४० मीटर उंचीला असतील तर ३० अंशांच्या उतारावर दोन रेषांमधलं अंतर साधारण १.४ मिलिमीटर येतं, ४५ अंशांवर ०.८. त्या दोघांच्या मधे येणाऱ्या सगळ्या पट्ट्या लाल पेन्सिलीने रंगवा. बकरथाचच्या दरीत हे करून बघा, पेन्सिल झिजेल. उताराचे रंग दाखवणारी ॲप्स आहेत, वापरा, पण त्यांच्यामागची उंचीची माहिती बऱ्याचदा ३० मीटरच्या चौकटींची असते. घर गाडू शकेल एवढा उतार त्या एका चौकटीत लपतो.

आणि हे लक्षात घ्या की तुम्ही स्वतः ३० अंशांवर उभे नसलात म्हणून सुटलात असं होत नाही. खालची वाट २० अंशांची असेल, पण वर ३८ चा उतार टांगलेला असेल तर माल तुमच्यावरच येणार. उभे आहात तिथून वरच्या सुटण्याच्या जागेच्या माथ्याकडे मोबाइल धरा. तो कोन २५ च्या वर असेल तर तुम्ही त्याच्या वाटेत आहात असंच धरा. १८ च्या खाली आला तर बऱ्यापैकी बाहेर आलात. तंबू लावताना तर हे मोजल्याशिवाय दोर सोडूच नका. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांचा तळ हिमस्खलनात सापडला. ५४ जण होते, ८ गेले. ती माणसं शिखर चढत नव्हती, आपल्या कंटेनरमध्ये होती. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नाथुलाच्या रस्त्यावर ७ पर्यटक गेले, तेही गाडीतून उतरून बर्फात खेळायला गेलेले.

आता बर्फाकडे येऊ. हिवाळ्याचा बर्फ हा एक ढीग नसतो, थरांवर थर असतात आणि प्रत्येक थराला त्या त्या दिवसाच्या हवेची आठवण असते. कमकुवत थर दोन प्रकारे तयार होताना मी जास्त पाहिलेत. एक पृष्ठभागावर. निफाडला जानेवारीत ज्या रात्री पारा तळ गाठतो आणि द्राक्षबागायतदार शेकोट्या पेटवतात, त्या रात्री आकाश निरभ्र असतं आणि वारा पडलेला असतो. अगदी तशाच रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर पिसांसारखे चमकदार स्फटिक उगवतात. सकाळी सगळे त्यांचे फोटो काढतात. त्यावर पुढचा बर्फ पडला की ती पिसं आत गाडली जातात आणि आठवडा-आठवडा तशीच कमकुवत राहतात. दुसरा प्रकार तळाशी. सुरुवातीचा पातळ बर्फ, वर कडाक्याची थंडी आणि खाली जमीन शून्याच्या आसपास. दर १० सेंटिमीटरला तापमानात एक अंश सेल्सिअसहून जास्त फरक पडू लागला की बर्फाचे कण मोठे, कोरडे, सपाट बाजूंचे होतात आणि एकमेकांना धरतच नाहीत. मूठ भरून दाबलात तर गोळा होत नाही, बोटांतून गळून जातो. लडाखसारख्या कोरड्या, थंड भागांत हे जास्त. पीर पंजालमध्ये नव्या बर्फाचा भार आणि ओल हा मुख्य त्रास. पण डिसेंबर कोरडा गेला असेल तर तिथेही तळ सडका असू शकतो.

वाऱ्याला मात्र लोक विसरतात. आकाशातून पडतो त्याच्या दहापट वेगाने वारा बर्फ एका जागेवरून उचलून दुसरीकडे रचू शकतो. धारेची वाऱ्याकडची बाजू खरवडलेली आणि आडोशाची बाजू गुबगुबीत, पायाखाली जरा पोकळ वाजणारी दिसली, तर त्या आडोशाच्या बाजूला आदल्या रात्री एक फूटही बर्फ पडला नसला तरी नवा स्लॅब तयार आहे. काल धारेवरून बर्फाचा धूर उडताना दिसला होता का, हे वाटाड्याला विचारा. हवामानाच्या ॲपमध्ये हे दिसणार नाही.

खड्डा खणून बघावा का? शिकून घ्या, पण त्याच्यावर जीव टांगू नका. सुरक्षित, लहानशा उतारावर, ज्या दिशेला आणि कोनात जायचं आहे तशाच ठिकाणी, मीटर-सव्वा मीटर खणायचं. सावलीतली भिंत फावड्याने सपाट करायची आणि वरून खाली हात लावत जायचं: मूठ आत जाते, की चार बोटं, की एकच बोट, की पेन्सिल, की फक्त चाकू. एका बोटाच्या कडक थराखाली अचानक मूठ बुडणारा थर आला की तिथे थांबायचं, ती जागा संशयाची. मग ३० बाय ३० सेंटिमीटरचा खांब मोकळा करायचा, त्यावर फावड्याचं पातं आडवं ठेवायचं आणि थापा मारायच्या: मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. पहिल्या पंधरा-वीस थापांत खांब सरळ सपाट तुटून पटकन पुढे आला, तर त्या दिवसाचा कार्यक्रम संपला. नाही तुटला तर? तर एवढंच कळलं की त्या एका चौरस फुटात नाही तुटला. दहा मीटरवर काय आहे ते माहीत नाही. लोक इथेच फसतात. खड्डा खणण्याचे कष्ट घेतले म्हणून उत्तर ‘हो’ आलं पाहिजे असं त्यांना वाटतं.

खड्ड्यापेक्षा फुकट मिळणाऱ्या खुणा जास्त खऱ्या. शेजारच्या, त्याच दिशेच्या उतारावर ताजं स्खलन दिसतंय. चालताना पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज येतो आणि आजूबाजूचा बर्फ किंचित बसतो. बुटापासून भेग सुटून पुढे पळते. यातली एक जरी खूण दिसली तरी चर्चा करायची नसते. आल्या पावलांवरून परत. तो आवाज आल्यावर गंमत वाटून पुन्हा उडी मारून बघणारे मी पाहिलेत, कृपया नको.

मार्चचा वेगळा प्रश्न ऊन. रात्री आकाश मोकळं असेल तर पृष्ठभाग गोठून कडक होतो, पहाटे त्यावर चालायला मजा येते. रात्री ढग असतील तर तो गोठतच नाही आणि सकाळपासूनच ओला, जड राहतो. पहाटे बाहेर येऊन बूट आपटून बघा. घोट्यापर्यंत बुडाला तर त्या दिवशी उतारांखाली जायचं नाही. गोठला असला तरी पूर्वेकडच्या उतारांवर सकाळी नऊ-दहालाच ऊन काम करायला लागतं. वरून बर्फाचे गोळे चाकासारखे गुंडाळत खाली यायला लागले किंवा कातळातून पाणी ठिबकायला लागलं म्हणजे तुम्हाला आधीच उशीर झालाय. आपल्या गटांची सकाळ चहा, पोहे आणि ग्रुप फोटो यांत साडेआठपर्यंत जाते, हे मी प्रेमानेच सांगतोय.

ॲपबद्दल. धोका सांगणारं असं ॲप नाही. डीआरडीओची ती संस्था २०२० मध्ये दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीन होऊन आता डीजीआरई नावाने चंदीगडहून काम करते. हिमाचल, उत्तराखंड, जम्मू-काश्मीर आणि लडाखमधल्या भागांसाठी हिमस्खलनाचे इशारे तिच्याकडून निघतात, जिल्हा प्रशासन आणि वर्तमानपत्रं ते पुढे देतात. ते जरूर बघा. पण इशारा अख्ख्या जिल्ह्याचा असतो, तुमच्या उताराचा नाही. शिवाय धोक्याच्या पाच पायऱ्यांत तिसरी पायरी ‘मध्यम’ समजून लोक निघतात. तिसऱ्या पायरीवर एका माणसाच्या वजनाने उतार सुटू शकतो. युरोप-अमेरिकेच्या नोंदी सांगतात की अशा जीवघेण्या अपघातांत सुमारे ९० टक्के वेळा उतार सोडणारा तो माणूस किंवा त्याच्याच गटातला कोणी तरी असतो.

वाटाड्याचं. तो माणूस तुमच्यापेक्षा ती दरी हजारपट ओळखतो. पण “भैया, जा सकते हैं क्या?” असं विचारलंत तर तो “हां साब, हो जाएगा” म्हणणार. तुम्ही नाशिकरोडहून दोन दिवसांचा प्रवास करून आलात, त्याची रोजी त्यावर आहे. प्रश्न बदला. या आठवड्यात कुठल्या कुठल्या नाल्यात माल खाली आला? कुठल्या महिन्यात गावातली मेंढरं वर नेतात? तुझा भाऊ आज या उताराखालून जाईल का? तो “उस नाले में ग्लेशियर आया” म्हणाला तर हिमनदीबद्दल नव्हे, हिमस्खलनाबद्दलच बोलतोय. आणि “कल भी लोग गए थे” हे उत्तर पुरावा म्हणून घेऊ नका. काल सहा जण गेले आणि उतार टिकला, याने सातव्याची हमी मिळत नाही. अनुभवाचंही तसंच. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचा प्रगत अभ्यासक्रमाचा गट हिमस्खलनात सापडला. २७ मृतदेह मिळाले, दोघे सापडले नाहीत. प्रशिक्षक आणि प्रशिक्षित मंडळी होती ती, आणि महिना ऑक्टोबर होता.

बीकन भाड्याने घ्यायचे तर सहाही जणांना आणि वाटाड्यालाही. प्रत्येकाकडे बीकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब सळई) आणि धातूचं फावडं, तिन्ही. दोन बीकन आणि एक फावडं हा हिशेब चालत नाही, कारण गाडला जाणारा कोण हे आधी ठरलेलं नसतं. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांतले दहात नऊ वाचतात. अर्ध्या तासाला ते प्रमाण साधारण तिघांत एकावर येतं. मनालीहून मदत यायला किती वेळ लागेल हा विचारच फोल आहे. तुमची मदत म्हणजे तुमचेच उरलेले पाच जण. त्यासाठी सराव लागतो, तो गंगापूर धरणाच्या कडेच्या मोकळ्या जागेत होऊ शकतो. पिशवीत चालू बीकन घालून पिशवी झुडपात लपवा, घड्याळ लावा, शोधा. शोध घेताना मोबाइल बीकनपासून किमान ५० सेंटिमीटर लांब ठेवा आणि एरवी २० सेंटिमीटर; कॅमेरा, पॉवर बँक, चुंबकाचं बटण असलेलं पाकीटसुद्धा गोंधळ घालतं. सराव झाला नसेल तर भाड्याचे पैसे वाचवा आणि उतार टाळा.

अगदीच एखादा संशयाचा पट्टा ओलांडावा लागला, तर एका वेळी एकच जण, बाकीचे सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवून. सॅकचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडा, काठ्यांच्या दोऱ्या मनगटातून काढा. मध्ये थांबून पाणी नाही, फोटो नाही. सापडलाच तर बर्फ थांबायच्या आत तोंडासमोर हात घेऊन श्वासापुरती जागा करायची. एकदा तो बसला की बोटही हलत नाही.

तारखा पक्क्याच असतील आणि मार्चमध्ये बर्फ हवाच असेल तर उत्तरकाशीकडचं दयारा बुग्याल बघा. बरसू किंवा रैथलहून जंगलातून वाट आहे आणि वरचं कुरण लांबरुंद, मवाळ उताराचं. बकरिया टॉपच्या दिशेने उतार वाढतात, तिथे कोनमापक काढा आणि गरज पडली तर कुरणावरूनच परता. परतीचं आरक्षण करताना मध्ये दोन रिकामे दिवस ठेवा. ‘उद्याची गाडी आहे’ म्हणून वादळाच्या दुसऱ्या दिवशी निघालेले गट मी बरेच पाहिलेत. आणि परदेशातून मागवलेला सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवर संदेश पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय सोबत नेऊ नका. भारतात त्याला दूरसंचार विभागाची परवानगी लागते, विमानतळावर अडकाल. त्याऐवजी रोजची वाट, मुक्काम आणि ‘या वेळेपर्यंत फोन आला नाही तर या नंबरला कळवा’ असा कागद घरी आणि शेवटच्या गावातल्या होमस्टेवाल्याकडे ठेवून जा.